सिस्टरचा पगार जातो कुठे?

तो मेसेज परत फिरायला लागलाय, की नन लोक सरकारचा पगार घेतात आणि टॅक्स चुकवतात. ग्रँटवाल्या हायस्कूलच्या ऑफिसात पे बिलं करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ह्या विषयावर तरी मी बोलणार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या नन आणि फादर ह्यांच्या पगारातून टीडीएस कापायचाच. त्याआधी सूट मागितली जायची ती जुन्या सर्क्युलरांच्या आधारावर, उघडपणे, लपवून नव्हे. म्हणणं असं, की आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलंय, पगार आमचा नाहीच, संस्थेचा. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर, सरकार पगार माणसाला देतं, पुढे त्याने तो कोणाला द्यावा हा त्याचा प्रश्न. पण म्हणून चोर ठरवायचं?

आमच्याकडे केमिस्ट्रीला एक सिस्टर होत्या. चांगला सिनियर स्केलचा पगार, आला की सगळा कम्युनिटीकडे, चपला तुटल्या तरी सुपिरियरकडे, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरकडे, मागायच्या. एकदा पेपर तपासायला पणजीला जाऊन आल्या तर कदंबाची (गोव्याच्या सरकारी बसची) तिकिटं पिन मारून, आणि ॲडव्हान्समधले उरलेले सुट्टे प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या टेबलावर. म्हटलं सिस्टर, सुट्टे कशाला? तर म्हणतात, "ते म्हजे न्हय गो." ते माझे नाहीत गं.

ह्यावर लगेच 'त्यागमूर्ती' म्हणून हात जोडू नका, ते मला अजिबात पटत नाही. हात जोडले की आपण मोकळे. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं आणि त्यावर बायकांनी बायकांसाठी चालवलेली एक पक्की व्यवस्था आहे ती. प्रोव्हिन्शियलचा, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मठांच्या प्रमुखाचा, कागद आला की आजची हेडमिस्ट्रेस जूनमध्ये दुसऱ्या गावात साधी टीचर, आणि तोंड वाकडं नाही (असेलही कधी, आम्हाला दिसलं नाही). आमच्या देवळाच्या कमिटीत खजिनदार बदलायचा म्हटला तरी दोन गट पडतात.

आणि नन म्हणजे कॉन्व्हेंट स्कूल एवढंच आपल्या डोक्यात. जुन्या गोव्याचं सांता मोनिका बघा, नन लोकांचा मठ, १६०६ ला सुरू झालेलं, हुंडा देऊन आत जायच्या, मुख्यतः पोर्तुगीज घरांतल्या मुली. पुढे पोर्तुगालनेच धर्मसंघ बंद केले, नवीन कोणाला घ्यायचं नाही, आणि शेवटची नन १८८५ मध्ये वारली. १८८६ ला लिस्बनहून फ्रान्सिस्कन हॉस्पिटॅलर सिस्टर आल्या, त्यांचं मूळ काम आजाऱ्यांची सेवा. गोव्यातच चिंचिणीला कार्मेलाइट संघाच्या नन आहेत, त्या तर शाळाही चालवत नाहीत, इस्पितळही नाही, मठात राहून प्रार्थना, बस. सांता मोनिकाच्या वास्तूत १९६४ पासून मातेर देई ही संस्था आहे, तिथे सिस्टर थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, शिकतात.

तक्रार माझीही आहे. गरिबांसाठी म्हणून सुरू केलेल्या शाळांतून आता ॲडमिशनच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आमदाराचं पत्र घेऊन येणारे आपलेच लोक, आणि व्यवस्थापनालाही ते गोड लागतं. केमिस्ट्रीच्या सिस्टरचं म्हणणं स्पष्ट होतं, ही शाळा आता कोणीही चालवेल, आम्हाला झोपडपट्टीत, बाहेरून आलेल्या मजुरांच्या पोरांत पाठवा. त्यांनी हे मीटिंगमध्ये सुद्धा बोलून दाखवलं होतं. पालकांना आवडलं नाही, म्हणे रिझल्ट खाली येईल.