खण आवरावा तर स्वयंपाक न करणाऱ्यानेच

स्वयंपाकघरातला खण आवरायला लायक माणूस कोण, याबद्दल लोकांत उगाच गैरसमज आहेत. जो त्यात दिवसातून वीस वेळा हात घालतो तो, असं भाबडं मत असतं. साफ चूक. त्या माणसाला खणाची सवय झालेली असते, न बघता हात घातला की उलथणं बाहेर. त्याला पसारा दिसणार कसा? तो दिसतो तुम्हाला, कारण तुम्ही तो खण वर्षातून दोनदा ओढता, तेही बाटली उघडायचं शोधायला. तेव्हा हे काम तुमचंच.

मुहूर्त रविवारचा. आधी मिसळ खाऊन या. नाशकात रविवारी सकाळी मिसळ न खाता कुठलंही विधायक कार्य सुरू होत नाही, आणि तिसरा पाव पोटात गेल्याशिवाय दुसऱ्याचं काम सुधारायची ऊर्मीही येत नाही. घरी आलात की आवराआवरीचे दोन व्हिडिओ बघा. त्यातल्या बाईच्या खणात सहा चमचे, एक लाकडी पळी आणि बाकी नुसती हवा असते. तिच्याकडे ना पुरण शिजतं, ना चकल्या होतात, ना श्रावणात सवाष्ण जेवायला येते. हे मनावर घेऊ नका, हवा तेवढी बघा.

आता प्रश्न असा की आधी काढायचं की आधी आणायचं. आधी आणायचं! ट्रे, खाचे, जाळ्या, झाकणवाले डबे, सगळं एकदम मागवा. माप घेऊ नका, मापाने मजा जाते. ट्रॉलीवाल्याने तरी कुठे घेतलं होतं? त्याने ‘कटलरी ट्रॉली’ म्हणून जे बसवून दिलं, त्यातले खाचे काटे-सुऱ्यांच्या लांबीचे. आपल्याकडे काटे किती, तर पाहुण्यांच्या पोरांनी एकमेकांना टोचायला लागतात तेवढे. झारा त्यात आडवा मावत नाही, तिरका मावतो, आणि खण आत ढकलताना त्याचं डोकं वर उचललं जाऊन बरोबर वरच्या पट्टीला अडकतं. मग खण ना आत ना बाहेर. ज्याला हे माहीत आहे तो खालची ट्रॉली पूर्ण ओढून, तिच्यावरून हात घालून झाऱ्याला बोटाने खाली दाबतो. तुम्ही जोर लावा. चांगली टेलिस्कोपिक चॅनेल चाळीस-पंचेचाळीस किलो वजन पेलते म्हणतात, तुमचा हिसका पेलते का तेही कळेल.

खण निघाला की सगळं जमिनीवर ओता आणि लांबीप्रमाणे लावा. रंगाप्रमाणेही चालेल. फक्त वापराप्रमाणे नको, कारण त्यासाठी कुणालातरी विचारावं लागेल.

पहिला छडा लागेल तो काळ्या रबरी कड्यांचा. चार-पाच निघतील. या कुकरच्या रिंगा. एक तीन लिटरची, एक पाच लिटरची, एक सैल पडलेली पण फ्रीजरमध्ये थोडा वेळ ठेवली तर अजून एक वरण काढून देणारी. तुम्ही त्यातली सगळ्यात नवीकोरी, गुळगुळीत रिंग तेवढी ठेवा आणि बाकीच्या टाका. ती नवीकोरी का राहिली? कारण ती घरातल्या एकाही कुकरला बसत नाही. पण दिसते किती छान!

रबरबँडचा गोळा मात्र टाकण्याच्या लायकीचाच असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेगडीखालच्या उष्णतेने रबर आधी चिकट होतं, मग कडक, मग हातात तुकडे. नेमका हा गोळा तुम्ही ठेवाल. ‘कामाला येईल’ म्हणाल. केचपच्या पुड्या, ओरेगॅनोच्या पुड्या आणि आईस्क्रीमचे लाकडी चमचे हेही तुमच्याच कर्तृत्वाने तिथे आलेले असल्यामुळे त्यांना वेगळा डबा.

मग वाणाचा विभाग. संक्रांत ते रथसप्तमी या काळात महाराष्ट्रात जेवढी प्लॅस्टिकची गाळणी हात बदलतात, तेवढी कुठल्या कारखान्याला वर्षभरात खपवता येत नसतील, असा माझा आपला अंदाज. लिंबू पिळायचं, लसूण सोलायचं, अंडं न खाणाऱ्या घरात अंड्याचा पिवळा बलक वेगळा करायचं. तुम्हाला वाटेल हे भंगार. अहो, ते पुढच्या वर्षीचं वाण आहे! ज्यांनी दिलं त्यांनाच परत जाऊ नये एवढीच त्यातली अक्कल, आणि ती अक्कल कुठेही लिहिलेली नाही, एका डोक्यात आहे. तुम्ही सगळं एका पिशवीत भरलंत की तिचं काम झालं.

नाव घातलेल्या भांड्यांपाशी जरा थांबा. भांडी बाजारातून नाव घालून आणलेली पळी घरात असतेच. पण नीट वाचलंत तर नाव तुमचं नाही. ‘मुंजीप्रीत्यर्थ’ एवढं वाचता येतं, आडनाव शेजारच्यांचं. न्यायबुद्धीने लगेच उठून परत देऊन या. शेजारच्या वहिनी हसून घेतील. आपली दोन पातेली आणि एक डाव त्यांच्याकडे गेली कित्येक वर्षं सुखाने नांदताहेत, आणि ही पळी त्यांच्या बदल्यात तारण होती, हे तुम्हाला दुपारी चहाच्या वेळी ऐकायला मिळेल.

खणाच्या तळाला चार आण्यांची नाणी सापडतील. ३० जून २०११ पासून ती चलनात नाहीत, तरी टाकू नका, लक्ष्मी आहे. त्याच न्यायाने दोन डझन स्टीलचे चमचेही राहतील. २०१५च्या सिंहस्थात आत्या, मावश्या आणि त्यांच्या ओळखीपाळखीचे ‘फक्त स्नानाला’ म्हणून आले आणि चार-चार दिवस राहिले, तेव्हाचे ते चमचे. आता २०२७ आलंच. नाशिककराने एक वेळ सोनं मोडावं, पण सिंहस्थाच्या तोंडावर चमचे काढू नयेत.

टाकायची पिशवी रात्रभर दारात ठेवायची चूक करू नका. घंटागाडीचा आवाज येईपर्यंत आई ती दोनदा उपसतात, आणि सोऱ्याची चकती, कातणं, सांडशीचा सुटा खिळा असं ‘अगदी चांगलं’ सामान पदराखाली परत आत येतं. ओला-सुका कचरा वेगळा करायला लागल्यापासून त्यांनी हा तिसरा वर्ग काढला आहे.

शेवटी लेबलं. ‘ढवळणे’, ‘उचलणे’, ‘कापणे’ आणि ‘इतर’. चार दिवसांत तीन डबे रिकामे आणि ‘इतर’चं झाकण लागत नाही अशी स्थिती येते, पण फोटो पहिल्या दिवशीच काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला असतो, तेव्हा चिंता नाही. अंगठे येतील. काका ‘सुंदर नियोजन’ लिहितील. त्याच वेळी आत दूध वर येत असेल आणि हाक येईल, “अहो, सांडशी कुठंय?” जागेवरून उठू नका. शांतपणे सांगा, “उचलणे.”

सोमवारी सकाळी सांडशी, झारा, उलथणं, कालथा, डाव, गाळणी, लायटर आणि धारेची सुरी हे सगळं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात उभं राहून शेगडीशेजारी आलेलं दिसेल. खण मात्र तुम्ही लावलात तस्साच, स्वच्छ, हवेशीर, कुणाचा हात न लागलेला. आणि ओट्यावर हा केवढा पसारा, हे अर्थातच पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येईल.