मुलांचं स्कीइंग आणि ते दोनशे मीटर: झुरिकच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

लहान मुलांना पहिल्यांदा स्कीइंगला नेताना ठिकाण कसं निवडावं, या माझ्या लेखावर तुम्ही झुरिकहून मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ती रागावून लिहिली असली तरी लेख नीट वाचून लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की मी डोंगराबद्दल लिहायचं सोडून पार्किंग, स्वच्छतागृह आणि सूप यांवरच लेख भरला. चार लिफ्टच्या छोट्या जागेत मूल तिसऱ्या दिवशी कंटाळतं, त्यापेक्षा थेट मोठ्या ठिकाणी न्यावं. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही स्वतः शिकवलंत आणि पाचव्या दिवशी ती लाल पिस्टवरून (पिस्ट म्हणजे स्कीसाठी आखलेली उताराची वाट; निळी सोपी, लाल मध्यम अवघड) खाली आली, तेव्हा स्कीशाळेवर पैसे घालवायचं कारण नाही. ऑस्ट्रियातल्या सेरफाउससारखी महागडी जागा सुचवून मी सामान्य मराठी कुटुंबाला घाबरवते. आणि शेवटी, ‘सरावाचा उतार पायथ्याशी हवा’ असं लिहून मी ज्या सेरफाउसची शिफारस करते, तिथे मुलांचा उतार लिफ्टच्या मधल्या स्टेशनपाशी आहे, हे कसं?

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘पायथ्याशी’ हा शब्द मी चुकीचा वापरला. सेरफाउसची मुलांची जागा कोम्पर्डेलच्या मधल्या स्टेशनजवळ आहे, तिथे गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर जावंच लागतं. मला म्हणायचं होतं ते असं: चार-पाच वर्षांच्या मुलासाठी स्की-क्षेत्र म्हणजे नकाशावरचे दोनशे किलोमीटर नव्हेत. सरावाच्या उताराभोवतीचे दोनशे मीटर, बस्स. तो उतार, त्यावरची लिफ्ट, खाली मूल आपोआप थांबेल एवढी सपाटी, बसून बूट घालायला बाक, काहीतरी गरम खायला आणि स्वच्छतागृह. हे सगळं गावात असो की दोन हजार मीटर उंचीवर, एकमेकांना लागून असलं पाहिजे. सेरफाउसला ते आहे, आणि तिथवर पोचायची सोयही आहे. गाडी गावाच्या तोंडाशी ठेवायची आणि जमिनीखालून धावणाऱ्या फुकट रेल्वेने लिफ्टपर्यंत जायचं. टिरोलमधल्या त्या खेड्यात ही भुयारी रेल्वे १९८५ पासून आहे, लांबी जेमतेम १,२८० मीटर, थांबे चार. गावात गाड्यांची कोंडी होऊ नये म्हणून बांधली, पण एका हातात चार जोड स्की आणि दुसऱ्या हातात झोपाळू मूल अशी निसरड्या रस्त्यावरून एकदा चालून बघा, म्हणजे आईबापांना ती काय वाटते ते कळेल.

आता स्वच्छतागृह. ते मी इतकं का लावून धरते, हे लेखात सांगायला हवं होतं.

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा होता. आम्ही एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. तिथेही सरावाचा उतार मधल्या स्टेशनलाच, आणि उतार छानच होता. स्वच्छतागृह मात्र उपाहारगृहाच्या तळघरात, लोखंडी जाळीचे दोन जिने उतरून. बाहेर उणे अकरा. मुलाच्या अंगात लोकरीचे आतले कपडे, त्यावर फ्लीस, त्यावर मानेपासून घोट्यापर्यंत सलग शिवलेला स्नोसूट, डोक्यावर हेल्मेट, हातमोजे दोरीने बाह्यांना बांधलेले. स्कीच्या बुटांत घोटा वाकत नाही, त्यामुळे जिना उतरणं मोठ्यांनाही अवघड. मी त्याला उचललं, जिन्यातल्या रांगेने वाट करून दिली, पण दाराशी पोचलो तेव्हा तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून हळूच म्हणाला, ‘आई, झाली.’ ओला सूट उतरवून, माझ्या जॅकेटात गुंडाळून त्याला गोंडोलाने खाली आणलं. पहिल्याच घासाला खडा लागला. त्या हिवाळ्यात तो पुन्हा स्कीवर उभा राहिला नाही.

पुढच्या वर्षी बवेरियातल्या एका खेड्याबाहेरच्या टेकडीवर गेलो. एक मॅजिक कार्पेट, एक दोरीची लिफ्ट आणि चहा-सॉसेजचं लाकडी खोपटं, एवढंच. कार्पेट म्हणजे विमानतळावर असतो तसा सरकता रबरी पट्टा, फक्त तो बर्फाच्या पातळीत टेकडीवर चढत जातो. मुलाने स्की घालून नुसतं उभं राहायचं. वर पोचलं की पट्टा त्याला अलगद पुढे सोडतो. मुलगा पहिल्यांदा माझा हात धरून चढला, दुसऱ्यांदा हात सोडून. मग तो फेऱ्या मोजायला लागला, मोठ्याने, मराठीत. पट्ट्याजवळ उभे असलेले आजोबा त्याच्या मागोमाग आकडे म्हणू लागले. ‘एकोणीस’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली, तेव्हा पोराने थांबून त्यांच्याकडून तो आकडा घोटून घेतला. तेवीस फेऱ्या झाल्या. ती टेकडी उंचीने एखाद्या चार मजली इमारतीएवढी असेल. तिथे तो स्की करायला शिकला.

म्हणून छोट्या जागेत मूल कंटाळतं हे मला मान्य नाही. कंटाळतो तो कार्पेटच्या टोकाला उभा असलेला बाप, कारण त्याचे हातपाय गारठलेले असतात आणि वरच्या पिस्ट त्याला खुणावत असतात. मुलाला तोच उतार, तेच वळण, तीच लिफ्ट पुन्हा पुन्हा हवी असते. झोपताना तीच गोष्ट दहादा ऐकणारं मूल हे. आणि छोट्या टेकडीवर पुढे काही होत नाही म्हणाल, तर २०१० साली व्हँकुव्हरला डाउनहिलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी लिंडसे व्हॉन लहानपणी मिनेसोटातल्या बक हिलवर घडली. त्या टेकडीची उंची पायथ्यापासून जेमतेम ९५ मीटर. एरिक सायलर नावाचे ऑस्ट्रियातून आलेले प्रशिक्षक तिथे मुलांना त्याच छोट्या उतारावरून पुन्हा पुन्हा उतरवत.

तरी तुमच्या म्हणण्यात खरं आहे ते असं, की तुमची मुलगी आठ वर्षांची होती. आठ आणि चार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आठ वर्षांचं चपळ मूल तिसऱ्या दिवशी कार्पेट सोडतं आणि त्याला निळे उतार लागतात. माझा लेख चार ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल होता, पण मथळ्यात तसं नव्हतं. ते मी दुरुस्त करते.

लाल पिस्टबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. ऑस्ट्रिया-जर्मनीत निळी पिस्ट साधारण पंचवीस टक्के उतारापर्यंत, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचवीस मीटर खाली, आणि लाल चाळीस टक्क्यांपर्यंत. ‘पिझ्झा’, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग आवरणं, येणारं कुठलंही धीट मूल लाल पिस्टवरून खाली येऊ शकतं, पण येतं कसं ते बघा. उतार तीव्र झाला की ते पिझ्झा रुंद करत जातं, मांड्या थरथरतात, घाबरून पार्श्वभाग मागे टाकतं आणि सगळं वजन टाचांवर घेतं. ही टाचांवर बसायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. वळण शिकायचं तर मुलाला वेगाची भीती वाटणार नाही असाच उतार हवा. तुमच्या मुलीचं तसं झालं असं मी म्हणत नाही, मी तिला पाहिलेलं नाही. पण पाचव्या दिवशी लाल, हे इतर आईबापांनी ध्येय म्हणून डोळ्यांसमोर ठेवू नये.

याच कारणासाठी मी नकाशा उलटा, खालून वर वाचायला सांगते. बऱ्याच मोठ्या ठिकाणी वर निळ्या रेषांचं जाळं असतं, आणि गावात उतरणारी शेवटची पिस्ट लाल. दुपारी साडेतीनला ती घासून बर्फाळ झालेली असते, सगळे एकदमच घरी निघतात आणि मूल दमलेलं असतं. अशा ठिकाणी मुलाला गोंडोलाने खाली आणता येतं का, हे आधी विचारा. दुसरं, काही निळ्या रेषा म्हणजे डोंगराच्या कडेने जाणारे अरुंद रस्ते असतात. उतार नसल्यामुळे त्यांना निळं म्हणतात, पण लहान मुलांच्या हातात काठ्या नसतात, त्यामुळे सपाटीवर मूल अडकून पडतं आणि बापाला त्याला ओढत न्यावं लागतं, तेही एका बाजूला दरी असताना.

लिफ्टचंही तसंच. टी-लिफ्टवर, म्हणजे उलट्या टी आकाराच्या दांड्याने बर्फावरून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टवर, मोठं माणूस आणि मूल शेजारी उभे राहिले की तोच दांडा एकाच्या गुडघ्यामागे आणि दुसऱ्याच्या पाठीत बसतो. खुर्चीच्या लिफ्टवर ऑस्ट्रिया-जर्मनीत सव्वा मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला एकट्याने बसू देत नाहीत. म्हणजे दोन लहान मुलं आणि एकच मोठं माणूस असेल, तर सरावाच्या उताराला कार्पेट आहे की नाही यावर तुमचा सगळा दिवस अवलंबून असतो.

स्कीशाळेचा मुद्दा पैशांचा आहे आणि तो खरा आहे. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. पण आपल्यापैकी बहुतेकजण जर्मनीत-स्वित्झर्लंडमध्ये आल्यावर, तिशीत स्की करायला शिकले. मुलासमोर उलटं, पाठीमागे घसरत जाऊन त्याचे हात धरणं आपल्याला येत नाही. मग आपण मुलाला दोन पायांत धरून उतरतो. मूल आपल्यावर रेलतं, आपला तोल सांभाळायला ते शिकतच नाही, आणि आपली कंबर जाते. तुम्हाला शिकवता आलं, तर तुम्ही बहुतेकांपेक्षा चांगले स्कीअर आहात. ज्यांना येत नाही त्यांनी निदान पहिले तीन दिवस, तेही फक्त सकाळचे वर्ग घ्यावेत. इतर पाच मुलं पडतात, उठतात, पुन्हा पट्ट्यावर जातात, हे पाहून मूल जे शिकतं ते आईच्या सांगण्याने होत नाही. दुपारचं जेवण शाळेत ठेवायचं असेल तर शाकाहारी काय मिळतं ते आधी विचारा. शेवया-सॉस बहुतेक ठिकाणी असतात. स्वतःचा डबा खायला काही ठिकाणी वेगळी खोली असते, ती असेल तर पोळी-भाजीचा रोल न्या. उपाहारगृहात डबा उघडलेला चालत नाही, आणि भुकेल्या पोराला घेऊन बाहेर उभं राहावं लागतं.

खर्चाबद्दल अजून एक. मूल शाळेत जात नसेल तर नाताळ आणि फेब्रुवारीतली कार्निव्हलची सुट्टी सोडा, जानेवारीच्या मध्यावर जा. राहायचे दर उतरलेले असतात, कार्पेटला रांग नसते. थंडी मात्र कडक असते, दर तासाला आत आणून हातपाय तपासा. आणि पहिल्या वर्षी सबंध क्षेत्राचा पास घेऊच नका. अनेक ठिकाणी फक्त सरावाच्या लिफ्टचं किंवा मोजक्या फेऱ्यांचं स्वस्त तिकीट मिळतं. त्या अर्थी तुमचं बरोबर आहे: सेरफाउस मी यादीत पहिलं ठेवायला नको होतं. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी, घरातल्या दोन मुलांची पातळी वेगवेगळी असेल तेव्हा. पहिल्या वर्षी जवळची टेकडी.

तुम्ही शेवटी लिहिलंत, की तुमचे पुण्याचे मेहुणे मुलांना गुलमर्गला घेऊन गेले, तेव्हा आल्प्सच्या या सोयींचं कौतुक कशाला. पण तिथेही मोजपट्टी हीच. गुलमर्गचं कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि नवशिक्यांचे सौम्य उतार तिथेच आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या अंगाने ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथे हिमस्खलनाचा धोका असलेले, मशीन न फिरवलेले उतार आहेत आणि लहान मुलाला स्की घालून तिथून उतरवण्याचं काही कारण नाही. त्यांनी मुलांना कुरणावरच शिकवलं असेल, तर त्यांनी अगदी योग्य तेच केलं. फक्त पुण्याहून थेट तेवढ्या उंचीवर गेल्यावर पहिल्या दिवशी मुलाचं डोकं दुखलं, तर स्की बाजूला ठेवून विश्रांती द्यावी.

लेखात आज रात्री दोन बदल करते: मथळ्यात वय, आणि यादीचा क्रम. तुमच्याकडून एक हवं आहे. मी म्युनिकच्या बाजूच्या टेकड्या ओळखते, स्वित्झर्लंडच्या नाही. टोगेनबुर्गला तुम्ही दर वर्षी जाता असं लिहिलंत. तिथल्या सरावाच्या उताराला कार्पेट आहे का, गाडीपासून तो किती पावलांवर आहे, स्वच्छतागृहाला जिना आहे का, आणि गावात उतरणारी शेवटची पिस्ट कुठल्या रंगाची आहे, एवढं कळवाल का? झुरिकच्या चार मराठी घरांनी मला हेच विचारलं आहे, आणि तुम्ही तिथे मुलीला घेऊन फिरलेले आहात.