तळ्याकाठी बघायचं काय?

मराठी माणसाला सुट्टीत निवांत बसायचं असतं, पण त्याआधी सगळे पॉइंट बघून व्हावे लागतात. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर सूर्योदय, बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त, मधल्या वेळेत वेण्णा लेकला बोट आणि भाजलेलं कणीस. एवढं उरकलं की मग बसा, पण तोवर घरी निघायची वेळ झालेली असते. इटलीतल्या लेक कोमोची पंचाईत अशी, की तिथे पॉइंटच नाहीत. पाणी आहे, डोंगर आहेत, काठाला गावं आहेत. लोक तिथे जातात आणि बसतात.

"म्हणजे पाषाण तलावच की," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे, वीज मंडळातून निवृत्त. "तिथे बघायचं काय?"

माझ्या नवऱ्याने नकाशा उघडला. कोमो सरोवर उलट्या इंग्रजी वायसारखं आहे, म्हणजे एखादा माणूस तंगड्या फाकवून उभा असावा तसं. एका पायाशी कोमो शहर, दुसऱ्या पायाशी लेक्को, आणि सगळ्यात महागडं बेलाजिओ बरोब्बर दोन तंगड्या मिळतात तिथे. अण्णांनी त्या जागेवर बोट ठेवलं, आणि आईंनी घाईघाईने चहाचं विचारलं.

राहायचं कुठे यावरून घरात तीन पक्ष झाले. मुलाला बेलाजिओ हवं होतं, कारण फोटो. पण त्या गावातल्या गल्ल्या म्हणजे निम्म्या पायऱ्याच, आणि आईंच्या गुडघ्यांना फोटोशी कर्तव्य नाही. मला वरेन्ना पटत होतं. मिलानहून ट्रेन तासाभरात तिथे येते आणि समोरच्या बेलाजिओला फेरी पंधराएक मिनिटांत पोचवते. नवऱ्याचं म्हणणं, आधी फेरीचं वेळापत्रक समजून घेऊ. ते समजून घेण्यात दोन रविवार गेले. साधी बोट वेगळी, जलद बोट वेगळी, गाड्या नेणारी वेगळी. कामाच्या दिवशी एक वेळ, सुट्टीच्या दिवशी दुसरी. एसटी स्टँडवरच्या फलकासमोर वाढलेला माणूस, पण इथे पार हरला आणि एक्सेल शीट करायला बसला.

तारखांचंही तेच. पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकायची असं जवळजवळ ठरलं होतं. मग कळलं, की पंधरा ऑगस्ट हा इटलीतलाही मोठा सुट्टीचा दिवस. त्याला फेर्रागोस्तो म्हणतात, आणि त्या आठवड्यात सगळी इटली पाणी दिसेल तिथे जाऊन पडते. एवढ्या लांब जाऊन लोणावळ्याचा भुशी डॅमच बघायचा, तर इथलाच काय वाईट? मे महिना ठरला.

आईंचा प्रश्न लवकर सुटला. दीपिका आणि रणवीरचं लग्न 2018 च्या नोव्हेंबरात लेन्नोजवळच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये झालं, हे कुणीतरी भिशीत सांगितलं. व्हिला सोमवारी आणि बुधवारी बंद असतो म्हटल्यावर आई म्हणाल्या, "मग मंगळवारी जाऊ, मंगळवार चांगलाच असतो." शिवाय त्या काठची माणसं तळ्यातले मासे खारवून, उन्हात वाळवून ठेवतात, आणि ते मक्याच्या पिठाच्या पोलेंताबरोबर खातात. आईंचं माहेर मालवणचं. "सुकं खातात? मग काळजी नाही," असं म्हणून त्यांनी इटलीला मंजुरी दिली.

अण्णा मात्र हटून बसले होते. शेवटी मी सांगितलं, "अण्णा, व्होल्टा कोमोचा. 1745 चा जन्म."

अण्णांनी चष्मा काढला. बॅटरीचा शोध लावणारा, ज्याच्या नावाने आयुष्यभर व्होल्ट मोजले तो माणूस! कोमोच्या काठावर त्याच्या नावाचं मंदिरासारखं संग्रहालय आहे. त्या रात्री अण्णा स्वतः वाचत बसले. सकाळी बातमी तयार होती: बॅटरीच्या शताब्दीनिमित्त 1899 मध्ये तिथे प्रदर्शन भरलं, आग लागली आणि व्होल्टाची बरीचशी मूळ उपकरणं जळाली. "शॉर्टसर्किटच असणार," अण्णा म्हणाले. "वायरिंग कुणी केलं होतं कोण जाणे." जाण्याचं कारण आता दुप्पट झालं होतं, त्यांना चौकशी करायची होती. कोमोहून वरच्या ब्रुनाते गावाला चढणारी 1894 ची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, तीही त्यांनी यादीत घातली. वर पोचलं की खाली तळं दिसतं म्हणे. म्हणजे पॉइंटच झाला.

मग व्हिसा. दर माणशी नव्वद युरो फी, तीस हजार युरोंचा विमा, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो. व्हिसा मिळेल की नाही माहीत नाही, पण हॉटेलची बुकिंगं आधी दाखवायची. एकंदर मुद्दा एवढाच, की आम्ही परत येणार आहोत हे पटवून द्यायचं. आई म्हणाल्या, "त्यांना सांग, जूनमध्ये माझी लोणची घालायची असतात." तसल्या पुराव्याचा रकाना अर्जात नव्हता.

एजंटने आईंच्या पासबुकातल्या एका रकमेवर पेन टेकवलं. "ही एकदम कुठून आली?"

"भिशी लागली."

तो थोडा वेळ गप्प बसला. भिशीला इंग्रजीत काय लिहायचं यावर नवरा, एजंट आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी यांची बैठक झाली. आईंनी तेवढ्यात त्या मुलीला पुढच्या भिशीत घेतलं.

सगळं पार पडलं असं वाटत असताना त्याने एक्सेलची छापील प्रत उलटली. "शुक्रवार रिकामा आहे."

"शुक्रवारी आम्ही बसणार आहोत," मी म्हणाले. सगळा खटाटोप त्या एका दिवसासाठी होता.

"मॅडम, रिकामा दिवस चालत नाही. काहीतरी लिहा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. अण्णांनी मात्र खिशातून पेन काढून टोपण उघडलंसुद्धा होतं.

"लिही," ते म्हणाले. "व्होल्टा, उर्वरित."