धागा तुटल्याचा आवाज

रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या पार्क चौकात आमचा कट्टा भरतो. या खेपेला विषय मास्तरांच्या भाच्यानं काढला. इंजिनिअरिंगला आहे, कानाला सतत हेडफोन. म्हणाला, "सगळ्यात भारी पार्श्वसंगीत कुठलं? गाणी सांगायची नाहीत हां."

तरी पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गाणीच सांगितली. मला याचं खरंच वाईट वाटतं. अडीच तासांच्या सिनेमात गाणी फार तर अर्धा तास, आणि बाकीचा वेळ जो माणूस आपल्याला हसवतो-रडवतो त्याचं काम वेगळं असं आठवतच नाही कुणाला.

अण्णांनी मात्र ताबडतोब नाव घेतलं, दक्षिणेतले संगीतकार इळैयराजा. अण्णा अशोक चौकाकडचे, घरात तेलुगू, स्वतःचे चार माग. 'सागर संगमम'ला १९८३चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे ते घरच्या कार्यासारखं सांगतात. "तेव्हा गाण्याला आन पार्श्वसंगीताला मिळून एकच होता. पुढं २००९च्या सिनेमांना दोन वेगवेगळे दिले. त्यातला पार्श्वसंगीताचा कुणाला? 'पळश्शी राजा'साठी राजासारलाच की!"

"अण्णा, तुमी 'सैराट' विसरलाव," भाचा म्हणाला. "आपल्या जिल्ह्यातला पिक्चर. नागराज मंजुळे जेऊरचे. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टेजवर सगळा वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलं. करमाळ्याच्या उसात पळणाऱ्या पोरापोरीमागं एवढी व्हायोलिनं! कुणी दिली होती आधी?"

मास्तर एवढा वेळ गप्प होते. लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. "संगीतकार, संगीतकार काय लावलाय बे मघापासून," ते म्हणाले. "वाजवणाऱ्याचं नाव घे की एखादं. 'शोले'त जयच्या तोंडाला बाजा हाय, तो वाजवला कुणी? अमिताभनं? भानू गुप्तानं. पंचमदांच्या वाद्यवृंदातले. पंचाहत्तर सालापासून लोक ती धून गुणगुणतेत, आन नाव दहा जणांना म्हाईत नसंल."

यावर कुणाला बोलता येईना. मग मी माझं म्हणणं मांडलं. मास्तर, त्याच 'शोले'त ठाकूरच्या अंगणातली हत्या आठवा. तिथं कानात काय राहिलंय? झोपाळ्याची किरकिर. आणि 'सैराट'चा शेवट? एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असून तिथं सूर नाही. लेकरू रडताना दिसतं, त्याचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही. मला मोठा वाटतो तो कुठं हात आवरायचा हे कळणारा संगीतकार.

"आवाज काढून टाकला त्याला संगीत कसं म्हणायचं?" भाच्याला ते पटेना. "ते दिग्दर्शकाचं काम."

आणि इथं अण्णा माझ्या बाजूनं आले. "माग चालू असला की खटखट मला ऐकूच येत न्हाई. माणसं बोलतेत, मी चहा पितो. पण बाण्याचा धागा तुटून एक माग थांबला की लगेच कळतंय. बाकी तीन चालू असले तरी. झोपेतनंबी उठतो मी." जरा थांबून म्हणाले, "पण आधी खटखट पायजे. नुसतं गप्प बसून काय कळणार?"

हे मला सुचलं नव्हतं. 'सैराट'चा शेवट अंगावर येतो, कारण त्याआधी अजय-अतुलनी आपल्याला सुरांची सवय लावलेली असते. म्हणजे भाचाही बरोबरच होता.

मग मी त्यांना 'पथेर पांचाली'तला (१९५५) प्रसंग सांगितला. बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, लेक दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, लेकीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. आई साडी दातांत धरते आणि कोसळते. तिथं सत्यजित राय यांनी तिचा हंबरडा काढून टाकलाय आणि त्या जागी तारशहनाई ठेवलीय. संगीत रविशंकरांचं. त्यांच्याकडे वेळ नव्हता, म्हणून बहुतेक सगळं एकाच बैठकीत, अकराएक तासांत उरकलेलं. तारशहनाई म्हणजे एसराज या तंतुवाद्यालाच भोंगा जोडलेला असतो, गजानं वाजवतात. त्या आईच्या तोंडून खरं रडू ऐकवलं असतं तर आपण तिच्याकडे बघत राहिलो असतो. त्या सुरानं ते आपल्याच छातीतून निघाल्यासारखं वाटतं. मी हे आजवर ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांच्यातलं कुणी मधे बोललेलं नाही.

भाच्यानं मोबाइलवर प्रसंग शोधला. रिक्षांचा गोंगाट होता, म्हणून हेडफोनची एक बाजू अण्णांनी धरली, एक मास्तरांनी. अण्णांनी डोळे मिटले. मास्तरांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, क्लॅरिनेटच्या चाव्या शोधत असावीत तशी.

"राग पटदीप," ते म्हणाले. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळले. "वाजवणारा कोण?"

"दक्षिणामोहन टागोर."

मास्तरांनी ते नाव हळू आवाजात दोनदा म्हटलं आणि भाच्याला म्हणाले, "पुन्हा लाव."