झाडपाल्यासाठी सोडलेली गोळी

‘कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, गुळवेल. १५ दिवसांत शुगर नॉर्मल, गोळी कायमची बंद, साइड इफेक्ट शून्य!’ फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज मी वर्षभर न वाचता वर सरकवत होतो. गेल्या महिन्यात तो आत्याने वाचला. गोळ्या कपाटात गेल्या, सकाळी अनशापोटी हिरवा पेला सुरू झाला. तीन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर २८६.

मेसेज म्हणतो, गोळीने किडनी जाते. अहो, किडनी जाते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने! मेटफॉर्मिन, म्हणजे आत्याची मधुमेहाची गोळी, शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीचं. ती आधीच फार थकली असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात. एवढ्यावरून कुणीतरी खापर गोळीवर फोडलं आणि आत्याने ते खरं मानलं.

पुढे, ‘गोळी म्हणजे केमिकल, झाड म्हणजे निसर्ग.’ युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं झुडूप आहे. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण ते विषारी निघालं. त्याच्याच जातकुळीतलं, माणसाला सोसवेल असं रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. मधुमेहावर ते चालतं हे फ्रान्सच्या ज्यां स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे आत्याने झाडपाल्यासाठी सोडलेली गोळी झाडपाल्याचीच नात!

कारल्याचं म्हणाल, तर औषधांच्या चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली टाइप २ मधुमेहावरच्या ४ चाचण्या, मिळून ४७९ माणसं, तपासली. साखर उतरते असं म्हणण्याइतका पुरावा हाती लागला नाही. भाजी खुशाल खा, मलाही आवडते.

गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तो वाद चालू दे, पण मग ‘शून्य’ कशाच्या जोरावर लिहिता?

मेथीचं मात्र मान्य करतो, कुरकुरत का होईना. तिच्यातल्या चिकट तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. आत्याने मेथी जरूर खावी, डॉक्टरांच्या कानावर घालून, आणि गोळीसकट.

मेसेज टाकणाऱ्या काकांकडे परवा गेलो होतो. टीव्हीशेजारी त्यांचा औषधांचा डबा होता, त्यात मेटफॉर्मिनची पट्टी, निम्मी संपलेली. विचारलं तर म्हणाले, “अरे, मी नुसतं फॉरवर्ड केलं.”