तासांवर बॅज देऊ नका

पुण्यातल्या पालक-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "प्रत्येक कौशल्याला दहा पातळ्या ठेवा, दर दहा तासांना एक बॅज द्या. सगळ्या विषयांना एकच मोजमाप, म्हणजे कोणावर अन्याय नाही. आणि पायऱ्या भरपूर असल्या की मुलं आपोआप शिकत राहतात."

तासांचं आधी बोलते, कारण ही चूक आम्हीच करून बसलो. कोथरूडला दर शनिवारी आम्ही शाळकरी मुलांना सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून सर्किट बोर्डावर भाग जोडणं, शिकवतो. पहिल्या वर्षी हजेरी बघून बॅज दिले. वीस तास भरलेल्या एका मुलाला दुसरी पातळी मिळाली, आणि त्याच्या बोर्डावरचे निम्मे जोड ड्राय, म्हणजे नीट न धरलेले. जरा हलवलं की एलईडी विझायचा. बॅज मिळालाय म्हणजे येतंच असणार, असं धरून कोणी त्याचं काम पुन्हा पाहिलंच नाही. त्याच वर्षी घरी रेडिओ खोलणारी एक मुलगी आली. तिचा हात बसलेला होता, तरी तिला पहिल्या पायरीवर ताटकळत ठेवलं. मग न्याय कोणाला मिळाला?

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला, तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला किती तास शिकलास हे विचारत नाही, बोर्ड चालू झाला का ते बघतो. आता आमच्या पातळ्या तीनच आहेत. पहिली: कोणाची मदत न घेता दहा जोड, शेजारच्या पॅडला (बोर्डावरच्या धातूच्या ठिपक्याला) न चिकटलेले. दुसरी: बंद बोर्डातला दोष मल्टिमीटरने (व्होल्टेज वगैरे मोजणाऱ्या यंत्राने) शोधणं. तिसरी: कधी न पाहिलेला बोर्ड, तोही सर्किटच्या आकृतीशिवाय. कामाची जातच बदलते तिथे नवी पातळी. मधे चार पायऱ्या घुसवल्या तर त्यांच्यावर लिहायचं काय?

एकच मोजमाप टायपिंगला चालतं. पुण्याच्या परीक्षा परिषदेच्या मराठी 30 आणि मराठी 40 या टायपिंग परीक्षांच्या नावातच मिनिटाला किती शब्द हा आकडा आहे. पण दोष शोधण्याला असा आकडा कुठून आणणार?

बॅज दिसले की मुलं शिकत राहतात, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं. पुढे ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली.

डिजिटल बॅजसाठी फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने 2011 मध्ये मांडलेल्या ओपन बॅजेस या पद्धतीत, बॅज कशासाठी दिला तो निकष लिहावाच लागतो. पुरावा ऐच्छिक असतो, पण आम्ही बोर्डाचा फोटो जोडतोच.

लांबून बस बदलून न चुकता येणाऱ्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. त्याला हजेरीचा वेगळा बॅज द्या, कौशल्याच्या पातळीत तो मिसळू नका.

ड्राय जोडांच्या त्या मुलाने यंदा पहिली पातळी पुन्हा दिली. दहापैकी सात जोड जमले, म्हणून बॅज अजून नाही. उरलेले तीन का बिघडले ते त्याने स्वतः वहीत लिहून आणलं होतं.