चटोपाध्याय हवी? मग आधी फाईल जाड करा

बारा वर्षं शिकवलंत? अभिनंदन. आता शिकवलं होतं हे सिद्ध करा, तरच 'चटोपाध्याय' म्हणजे शिक्षकाची वाढीव वेतनश्रेणी मिळेल.

घाबरू नका. या महिन्यात मी तीनदा तालुक्याला जाऊन आलो आणि तिन्ही वेळा माझी फाईल माझ्याच मांडीवर बसून एसटीने परत आली. तेव्हा या विषयातला जाणकार म्हणून माझं ऐकायला हरकत नाही. सल्ला फुकट आहे. बाकी काहीच फुकट नाही, झेरॉक्सवाल्याला विचारा.

थोडा इतिहास आधी, फाईलच्या प्रस्तावनेत कामाला येईल. १९८३ साली केंद्र सरकारने शिक्षकांसाठी आयोग नेमला. अध्यक्ष चटोपाध्याय, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. प्राथमिक शिक्षक म्हणून लागलेला माणूस बहुतेक वेळा प्राथमिक शिक्षक म्हणूनच घरी जातो, मधे पायरीच नाही. म्हणून १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी, अशी सोय पुढे झाली. (निवडश्रेणी वीस टक्के पदांनाच. उरलेल्या ऐंशी टक्क्यांनी फाईलची सजावट छंद म्हणून करावी.) तेव्हापासून शाळाशाळांत विचारतात, "गुरुजी, तुमची चटोपाध्याय लागली का?" आपलं नाव एखाद्या रोगासारखं 'लागेल' असं त्या तत्त्ववेत्त्याला वाटलं नसेल.

२,००० रुपये भरून या श्रेणीचं प्रशिक्षण केलंत, प्रमाणपत्र मिळालं, संपलं असं समजू नका. प्रमाणपत्र हे फाईलमधलं एक पान असतं. फाईल वेगळी.

फाईल हिरवी घ्या. निळी चालत नाही. का, ते विचारू नका.

सेवापुस्तकाची, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदवहीची, साक्षांकित झेरॉक्स जोडा. आता तुमचं सेवापुस्तक असतं कुठे? पंचायत समितीत, त्याच कार्यालयातल्या कपाटात, जिथे तुम्ही फाईल द्यायला गेलेले असता. म्हणजे साहेबांच्या पाठीमागच्या कपाटातली वस्तू साहेबांना दाखवण्यासाठी तुम्ही आधी साहेबांकडे अर्ज करायचा, ती मिळाली की चौकात जाऊन झेरॉक्स काढायची, त्यावर त्याच कार्यालयाचा शिक्का घ्यायचा आणि त्याच टेबलावर ठेवायची. गोपनीय अहवालांचं तेच. ते लिहितात तेच, ठेवतात तेच आणि मागतातही तेच. यात तुम्हाला विसंगती दिसत असेल तर तुमची अजून १२ वर्षं झालेली नाहीत.

उपक्रम लिहिताना भाषेकडे लक्ष द्या. 'मुलांकडून कविता म्हणवून घेतली' असं लिहिलंत तर कोण विचारणार? 'संगीताधारित भाषासमृद्धी उपक्रम' लिहा. पोरं झाडाखाली चिंचोके मोजत होती, तर 'परिसरातील साधनांद्वारे कृतियुक्त संख्याबोध'. वर्ग गप्प बसला असेल, कारण पंधरापैकी चौघंच आली होती आणि बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, तर 'चिंतनशील वर्गवातावरण'. प्रत्येक पानावर एकदा तरी 'अध्ययन निष्पत्ती' (म्हणजे शिकून पोराला काय यायला हवं ते) आली पाहिजे. कुठेही आली तरी चालते, मिठासारखी.

कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने करायचं छोटं संशोधन, तयार मिळतं. शाळेचं नाव तेवढं बदलायचं. तेही नीट बदला असं म्हणणार होतो, पण गरज दिसत नाही. आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या एका सद्गृहस्थांच्या संशोधनात मुलांच्या गैरहजेरीचं कारण 'मासेमारीचा हंगाम' असं आहे. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. मंजूर झालं ते संशोधन. चांगल्या शेऱ्यासह.

आता उपक्रमांचे फोटो. इथे जरा थांबू, कारण माझी फाईल इथेच अडली.

२०१७ साली आम्ही शाळेत बालआनंद मेळावा भरवला होता. द्विशिक्षकी शाळा, पटावर एकतीस पोरं. कुणी भेळ आणली, कुणी ताक, एकीने आजीकडून शिकून धपाटे केले होते. गावातली माणसं खरोखर आली, खरोखर पैसे देऊन खाल्लं. तिसरीतल्या एका पोरीने दहाच्या नोटेतून सात वजा करून तीन रुपये परत दिले आणि मी तिच्या मागे उभा राहून बोटं मोडत होतो, की चुकते की काय. चुकली नाही. त्या वर्षी तिला वजाबाकी पुन्हा शिकवावी लागली नाही. माझ्या नोकरीतले जे पाच-सहा दिवस मी सांगत सुटतो, त्यातला तो एक. जोडीदार बाईंनी साध्या मोबाईलवर दोन फोटो काढले होते. तेच लावले.

फाईल परत. शेरा: 'फोटो जीपीएसयुक्त नाहीत. दिनांक, वेळ, स्थळ दिसत नाही.'

मी म्हटलं, साहेब, २०१७ चा फोटो आहे, तेव्हा असलं कुणी मागत नव्हतं. उत्तर मिळालं, "मग आता काढा." आता काढा! म्हणजे काय करा? पोरगी दहावी पार करून गेली. तिला परत तिसरीत बसवू? समोरच्याच टेबलावरून दबक्या आवाजात मार्गदर्शन आलं: "गुरुजी, कशाला ताणता? परत भरवा मेळावा. दहा मिनिटांचं काम."

भरवला. हो, भरवला मी, सांगतो ना. चार बाकं मांडली, फळ्यावर 'बालआनंद मेळावा' लिहिलं, दुकानातून शेवचुरमुरे आणले आणि भागाकार अर्धा टाकून चौथीच्या पोरांना स्टॉलमागे उभं केलं. गिऱ्हाईक म्हणून पहिली-दुसरी. मोबाईलमध्ये जीपीएसचं ॲप. पहिल्या फोटोत रेंज नाही, दुसऱ्यात शेजारच्या गावाचं नाव, तिसऱ्यात नुसतंच 'अननेम्ड रोड'. चौथ्यासाठी मी पाण्याच्या टाकीवर चढलो. तेवढ्यात एका पोराने विचारलं, "सर, भेळ खायचीय का नुसतं फोटोपुरतं धरायचीय?"

बारा वर्षांत मला वर्गात इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

तो 'अननेम्ड रोड'वाला फोटो फाईलमध्ये आहे. दिनांक, वेळ, अक्षांश, रेखांश, सगळं आहे. जे खरं घडलं त्याचा पुरावा नाही म्हणून नामंजूर, आणि जे घडलंच नाही त्याचा पुरावा पक्का म्हणून ग्राह्य. आणि तरी फाईल तिसऱ्यांदा परत आली, कारण 'अननेम्ड रोड' म्हणजे शाळा हे सिद्ध होत नाही. मुख्याध्यापकांचा दाखला आणा म्हणे, की सदर अननेम्ड रोड हा शाळेचाच आहे. मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडेच आहे. मीच मला दाखला दिला. जावक क्रमांकासह.

हां, सूचना चालू होत्या. तर पाचवी की सहावी सूचना: एमएस-सीआयटीच्या, म्हणजे संगणकाच्या कोर्सच्या, प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा. ती बघतात. ती बघताना चेहरा बघण्यासारखा असतो.

पण खरं सांगू, आता मला गंमत सुचत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम देऊ नये. ही फाईल यातल्या कशात बसते? आपत्तीत घाला. मी तालुक्याला गेलो त्या तिन्ही दिवशी चारही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात होते. त्या तीन दिवसांचा जीपीएस फोटो मागा ना कुणीतरी! शाळा 'प्रगत' आणि शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनात, 'अ' असेल तरच गुरुजीला श्रेणी, अशी अट २०१७ साली घातली होती. ती पुढे गेली. अट गेली, सवय राहिली. माझं शिकवणं बघायचंय? या ना मग! रस्ता खराब आहे, पण गाडी येते. वर्गात बसा, कोणत्याही पोराला उठवा, उतारा वाचायला लावा, हातच्याची वजाबाकी घाला. अर्ध्या तासात कळेल, मला पैसे वाढवून द्यायचे की नाहीत. बारा वर्षांत माझ्या वर्गात पूर्ण तासभर बसलेला एकही अधिकारी मला आठवत नाही. सही मात्र प्रत्येकाची आहे, शेरेबुकात, उभ्याउभ्या.

आणि आपण तरी? तयार कृतिसंशोधन ग्रुपवर टाकणारे कोण, 'सर मलाही पाठवा' लिहिणारे कोण? फाईल बांधून देणारा आपल्यातलाच, सातशे रुपयांत, फीत लावून. रंगीत प्रिंट लावून जाडी वाढवणारेही आपणच. एकाची फाईल चाळीस पानांची झाली की पुढच्याकडे ऐंशी मागतात, एवढं कळत नाही? महिना ३,००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक होतो तेव्हा मोर्चात ओरडायला आवाज होता. आता साहेबांच्या केबिनबाहेर फाईल छातीशी धरून दोन-दोन तास उभे राहतो, आणि आत बोलावलं की 'होय साहेब' पलीकडे शब्द फुटत नाही. माझाही फुटला नाही. लाज वाटायला हवी. मला वाटते.

मंगळवारी पुन्हा बोलावलंय, अनुक्रमणिका टाईप केलेली हवी म्हणून. चौथीला सांगून ठेवलंय, भागाकाराची वही बुधवारी आणा.